शाळा घ्यायची तर अख्खी घ्या

आठवीत गेलेल्या मुलांच्या आई-बाबांनो, आज जरा मोकळेपणाने बोलू या. न्यू जर्सीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आमच्या ह्याला त्या कॅथलिक बॉइज स्कूलमध्ये घालावं म्हणतोय. काय वाटतं तुम्हाला?" विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो. मनात फीची धास्ती असते, धर्माचा संकोच असतो, आणि एडिसन किंवा वेस्ट विंडसरसारख्या गावातली चांगली सरकारी शाळा सोडून आपण वेडेपणा तर करत नाही ना, ही शंकाही असते.

माझा मुलगा अशाच एका शाळेत नववी ते बारावी शिकला, म्हणून लोक मला विचारतात. मी आधी उलट विचारते, "तिथं तुम्हाला नेमकं काय हवंय?" उत्तरं ठरलेली असतात. शिस्त हवी. कॉलेज चांगलं मिळावं. मुली नाहीत, म्हणजे लक्ष अभ्यासात राहील. आणि धर्माचं काय, असं विचारलं की, "तिकडे कानाडोळा करायचा, आपल्याला काय करायचंय!"

आजचं हितगुज या शेवटच्या उत्तराबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही शाळा अर्धी घेता येत नाही.

हा कानाडोळा आपण कुठून शिकलो, तेही बघा. आपल्या मनातलं मिशनरी शाळेचं चित्र पुण्या-मुंबईतून आलेलं आहे. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७चं, धोबी तलावचं सेंट झेवियर्स १८६९चं, पाषाणचं लोयोला १९६१चं. आपले वडील, काका, मामा, कित्येक जण अशा शाळांतून शिकले. त्यांच्या वेळी कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जायची आणि बाकीची मुलं मॉरल सायन्सच्या. इंग्रजी पक्कं व्हायचं, हॉकी-फुटबॉल व्हायचं, फादरांचा धाक असायचा, आणि घरी आल्यावर शुभंकरोती तशीच चालू राहायची. धर्म शाळेच्या भिंतीवर असायचा, प्रगतिपुस्तकात नसायचा.

इथं तो प्रगतिपुस्तकात असतो. अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये धर्माचा विषय सहसा चारही वर्षं सक्तीचा असतो, आणि तो सगळ्यांना असतो. त्याला गृहपाठ असतो, परीक्षा असते, त्याची श्रेणी सरासरीत धरली जाते. बायबल, चर्चचा इतिहास, संस्कार, नीतिशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी जगातले धर्म असा तो क्रम जातो. वर्षातून अनेकदा सगळी शाळा मिळून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना होते, आणि तुमचा मुलगा तिथं इतरांबरोबर बसलेला असतो. वसईकडची कॅथलिक मराठी कुटुंबं आपल्यात आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी मात्र हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

एक अगदी साधी गोष्ट आधी सांगते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात ठळकपणे नसते. आपल्याकडे मुलाला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की प्रसाद कुणीही दिला तरी नाही म्हणू नये, उजवा हात पुढे करावा. मिस्सेत लोक रांगेनं पुढे जाऊन कम्युनियनची भाकरी घेतात, तेव्हा आपलं गुणी बाळ त्याच संस्कारानं रांगेत उभं राहणार. पण कॅथलिक श्रद्धेत ती भाकरी म्हणजे ख्रिस्ताचा देह आहे, आणि ती त्या श्रद्धेत दीक्षित झालेल्यांनीच घ्यायची असते. इतरांनी जागेवर बसून राहिलं तर कुणी वाईट मानत नाही. बऱ्याच ठिकाणी रांगेत जाऊन छातीवर हातांची घडी घातली, की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. मुलाला हे घरी, आधीच आणि कारणासह सांगा. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान कसा ठेवायचा, याचा तो पहिला धडा होईल.

आता या शाळा मुळात कशासाठी निघाल्या ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड इथून कॅथलिक माणसं बोटी भरभरून या किनाऱ्यावर उतरली. तेव्हाच्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट वळणाचं बायबल वाचलं जाई, आणि या मंडळींना उघडपणे हिणवलं जाई. मुलं शिकावीत पण आपल्याला परकी होऊ नयेत, म्हणून त्यांनी पदरमोड करून स्वतःच्या शाळा काढल्या. १८८४च्या बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेत बिशपांनी प्रत्येक पॅरिशने शाळा काढावी असा नियमच केला. पुढे ओरेगन राज्यानं कायदा करून सगळ्या मुलांना सरकारी शाळेत घालणं सक्तीचं केलं, तेव्हा १९२५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि मुलाचं शिक्षण कुठं व्हावं हे ठरवण्याचा आई-बापांचा हक्क मान्य केला. तो खटला नन्सच्या एका संस्थेनं लढला होता. आज आपण खासगी शाळेचा विचार करू शकतो, त्यामागे त्या निकालाचाही वाटा आहे.

आपल्या आसपासच्या मुलांच्या शाळा याच परंपरेतल्या. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स प्रेप १८७२चं. वेस्ट ऑरेंजचं सीटन हॉल प्रेप त्याहून जुनं, १८५६चं. रॅमसीचं डॉन बॉस्को प्रेप १९१५मध्ये सुरू झालं, आणि एडिसनला अगदी खेटून असलेल्या मटचनमधलं सेंट जोसेफ १९६१मध्ये. चालवणारे संघ निरनिराळे आहेत, कुठं जेझुइट, कुठं सेल्शियन, कुठं ब्रदर्स. पण गोदी कामगाराचा, खाटकाचा, पोलीस शिपायाचा मुलगा कॉलेजपर्यंत पोचावा, ही खटपट सगळीकडे सारखीच होती. 'कॉलेज प्रेपरेटरी' हे बिरुद त्या काळात फार मोठं होतं, कारण त्या घरांतून आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नसायचं.

आपलं तसं नाही. आपल्यातले बरेच जण पदव्या घेऊनच विमानतळावर उतरले. आपला मुलगा कॉलेजात जाणार की नाही हा प्रश्नच घरात नसतो, कुठल्या कॉलेजात एवढाच असतो. आणि नुसत्या त्या कारणासाठी दरवर्षी हजारो डॉलर मोजायचे असतील, तर स्पष्ट सांगते, गरज नाही. आपल्या गावांतल्या सरकारी शाळा, काउंटीच्या अकादम्या, तिथले गणित-विज्ञानाचे वर्ग कुणाला हार जाणारे नाहीत. कॉलेजांची प्रवेश मंडळं शाळेच्या नावापेक्षा मुलानं तिथं काय केलं ते पाहतात.

'मुली नाहीत म्हणून अभ्यास होतो' हेही जरा तपासून घेऊ. २०१४मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २१ देशांतले १८४ अभ्यास आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी त्यात धरले होते. नीट बेतलेले अभ्यास वेगळे काढून पाहिले, तेव्हा फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या शाळेचा अभ्यासात म्हणावा असा फायदा दिसला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या सेंट इग्नेशियस शाळेनं तर १९८९पासून मुलींना प्रवेश दिला, आणि तिचं काही बिघडलं नाही.

मग केवळ मुलांच्या शाळेत काहीच नसतं का? मला जे दिसलं ते गुणांच्या तक्त्यात मावणारं नाही. तिथं गायकवृंदात गाणारे सगळे मुलगेच असतात, वार्षिक अंक काढणारे, कविता वाचणारे, चित्रं काढणारेही मुलगेच. 'हे काय मुलींचं काम' असं म्हणायला जागाच उरत नाही. फुटबॉल खेळणारा धिप्पाड मुलगा नाटकात मन लावून काम करतो आणि त्याला कुणी हसत नाही. नाटकातल्या स्त्रीभूमिकांसाठी बहुधा शेजारच्या मुलींच्या शाळेतून कलाकार येतात. पंधराव्या वर्षी मुलगे एकमेकांसमोर रडूही शकतात, हे मी तिथंच पाहिलं.

याला दुसरी बाजू आहे. वर्गात मुली नसल्या, की मुलीचं बरोबरीनं वाद घालणं, तिचं गणित आपल्याआधी सुटणं, तिनं प्रयोगशाळेत आपली चूक दाखवणं, हे रोज घडत नाही. मग मुलींबद्दलची कल्पना सिनेमा, फोन आणि लॉकर रूममधल्या बोलण्यातून बनू लागते. ही उणीव शाळा भरून काढू शकत नाही, ती घरानंच भरायची. चुलत-मावस बहिणी, मंडळातलं नाटक, ढोल-ताशा पथक, सुट्टीतली नोकरी, कुठंही चालेल, पण मुलींबरोबर खांद्याला खांदा लावून काम करण्याची जागा मुलाला मिळाली पाहिजे. आणि बाबा लोकांनो, तुम्ही घरात आईशी कसं बोलता, तिच्या नोकरीबद्दल कसं बोलता, याला या चार वर्षांत दुप्पट किंमत येते.

जेझुइट शाळांबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपला आणि त्यांचा संबंध जुना आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या या जेझुइट संघाला १५४०मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि दोनच वर्षांत त्यांचे मित्र फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. त्यांचा देह आजही जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे, आणि मॅनहॅटनमधलं मुलांचं झेवियर हायस्कूल, १८४७चं, त्यांच्याच नावाचं. ज्या फादर स्टीफन्सनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६मध्ये छापलं आणि मराठी भाषेचं मनापासून कौतुक केलं, तेही इंग्लंडहून आलेले जेझुइटच. या शाळांतली मुलं अजूनही वहीच्या पानावर वर 'ए. एम. डी. जी.' अशी चार अक्षरं लिहितात. देवाच्या अधिक गौरवासाठी, असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. आपण पाटीवर आधी 'श्री' काढायचो, तसंच.

पण या शाळांचा आजचा चेहरा घडवला तो १९७३च्या एका भाषणानं. ते होतं संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांचं. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते शहराच्या कडेला राहत होते आणि मठाचं रुग्णालय करून त्यांनी जखमींवर उपचार केले होते. स्पेनमधल्या वॅलेन्सियाला जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ते उभे राहिले. समोर सुखवस्तू, प्रतिष्ठित मंडळी होती. आम्ही तुम्हाला न्यायासाठी जगायला शिकवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, की नाही शिकवलं. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आता आपलं काम, असं त्यांनी सांगितलं. पुढे अमेरिकेतल्या जेझुइट शाळांनी बाहेर पडणारा विद्यार्थी कसा असावा याच्या पाच खुणा ठरवल्या. वाढीला मोकळा, बुद्धीनं सक्षम, धार्मिक, प्रेमळ आणि न्यायाला बांधलेला. बुद्धी ही पाचातली एक आहे, हे ध्यानात घ्या.

म्हणूनच तिथं सेवेचे तास असतात, आणि ते केवळ अर्जावर लिहिण्यापुरते धरले जात नाहीत. मुलगा सूप किचनमध्ये वाढायला जाईल, वृद्धाश्रमात बसेल, एखाद्या उन्हाळ्यात दूरच्या गावी घर बांधायला जाईल, आणि परत आल्यावर त्यावर लिहील, वर्गात बोलेल. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तो विचारेल, "बाबा, आपल्या शहरात इतके लोक बेघर का आहेत?" किंवा, "आपल्याकडे जात म्हणजे काय असतं? आपण कोण?" शाळेनं मुलाला प्रश्न विचारायला शिकवावं असं वाटत असेल, तर त्यातले काही आपल्या दिशेनं येणार, याची तयारी ठेवा. 'तू अभ्यासाकडे लक्ष दे' हे उत्तर तेव्हा चालत नाही.

शाळेनं सगळे एकाच विचाराचे बनवून पाठवले, असंही होत नाही. सर्वोच्च न्यायालयातले परंपरावादी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया झेवियरचे, आणि साथरोगतज्ज्ञ डॉक्टर अँथनी फाउची मॅनहॅटनच्याच रेजिस शाळेचे, १९५८च्या तुकडीचे. दोघांच्या वाटा आणि विचार किती वेगळे! रेजिसची एक गंमतही सांगून ठेवते. १९१४ची ही शाळा एका माजी महापौरांच्या विधवा पत्नीनं नाव गुप्त ठेवून दिलेल्या देणगीतून उभी राहिली, आणि तिथं आजही फी नाही. मात्र प्रवेश कॅथलिक मुलांनाच, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांसाठी तो मार्ग नाही.

आता 'कैरोस' या शिबिराबद्दल. अकरावी-बारावीत मुलांना चार दिवस बाहेर नेतात, फोन-घड्याळं काढून घेतात. आत काय घडतं ते मुलं बाहेर सांगत नाहीत, आणि मीही सगळं सांगणार नाही. एक मात्र सांगते, कारण हे मराठीत आहे आणि आपली मुलं ते वाचणार नाहीत! त्या शिबिरासाठी शाळा बहुधा आई-वडिलांकडून मुलाच्या नावानं एक पत्र मागवते, त्याच्या नकळत. आपल्या पिढीतल्या पुरुषांना वडिलांनी असं पत्र कधी लिहिलेलं नसतं. 'पैसे पाठवले आहेत, तब्येत सांभाळ' एवढंच पोस्टकार्डावर. बाबांनो, तुमची पाळी येईल तेव्हा गुणांबद्दल एक अक्षर लिहू नका. त्याचं तुम्हाला काय आवडतं ते लिहा. जमेल तर दोन ओळी मराठीत लिहा. वाचता आल्या नाहीत, तर तो कुणाकडून तरी वाचून घेईल.

एका अवघड विषयावर बोलल्याशिवाय हे हितगुज पुरं होणार नाही. कॅथलिक संस्थांमध्ये मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार आणि ते दडपण्याचा प्रकार २००२मध्ये बॉस्टनमधून जगासमोर आला. २०१८-१९मध्ये अमेरिकेतल्या जेझुइट प्रांतांनी ज्यांच्यावरचे आरोप विश्वासार्ह ठरले अशा आपल्याच माणसांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्यात शाळांतून शिकवलेलेही होते. २००२मध्येच बिशपांनी नियमावली केली, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण सक्तीचं केलं. आज या शाळांतले बहुतेक शिक्षक सामान्य संसारी स्त्री-पुरुष आहेत. तरीही प्रवेशाआधी शाळेला तोंडावर विचारा. तक्रार कुणाकडे करायची? पोलिसांना कधी कळवता? सहलीला आणि शिबिराला सोबत किती मोठी माणसं असतात? प्रश्नानं ज्यांच्या कपाळाला आठी पडेल, ती शाळा सोडून द्या. आणि मुलाला सांगा, की कुणीही, कितीही आदरणीय माणूस असला, तरी आई-बाबांपासून लपवायची गोष्ट सांगू लागला तर ती आधी आम्हाला सांगायची. मोठ्यांना उलट बोलू नये या आपल्या शिकवणीला इथं अपवाद असतो, हे त्याला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

पैशाचा हिशेबही मोकळेपणानं करा. न्यू जर्सीत घरपट्टी सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाते आणि तिचा मोठा भाग सरकारी शाळेलाच जातो. तुम्ही ती भरणारच, त्यावर ही फी. ती शाळेगणिक बदलते, पण बऱ्याच ठिकाणी वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, चार वर्षं. शिवाय कपडे, बस, खेळ, सहली. कॉलेजसाठीच्या ५२९ खात्यातून ठरावीक मर्यादेत शाळेची फी भरता येते, पण तोच पैसा पुढे लागणार आहे, हे विसरू नका. आर्थिक मदतीसाठी अर्ज करायला लाजू नका. धाकट्या मुलीच्या वाटचे पैसे मोठ्या मुलाच्या शाळेत जाणार असतील, तर मात्र थांबा आणि पुन्हा विचार करा. मुलासाठी खासगी आणि मुलीसाठी 'बघू पुढे', हा जुना हिशेब डॉलरमध्ये केला तरी तो तसाच वाईट राहतो.

धर्म बदलण्याची भीती अनेकांच्या मनात असते, तीही बोलून टाकू. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत साधारण पाचातला एक विद्यार्थी कॅथलिक नसतो. माझ्या पाहण्यात मुलांचा धर्म बदलला नाही, पण घरच्या धर्माबद्दलचे त्यांचे प्रश्न वाढले. वर्गात हिंदू धर्मावर निबंध आला, की ती आईला विचारतात, आणि आईच्या लक्षात येतं की आपल्याला गणपती अथर्वशीर्ष पाठ आहे, पण अर्थ माहीत नाही. ज्या घरात सण म्हणजे फक्त फराळ आणि फोटो उरले आहेत, तिथं मुलाच्या हाती दोन्हीकडचं काहीच लागत नाही. तेव्हा भीती शाळेची बाळगण्यापेक्षा घरात वाचन वाढवा. तुकाराम-ज्ञानेश्वर आपल्याकडे आहेतच, ते मुलाशी इंग्रजीत का होईना, बोला. तुम्ही नास्तिक असाल तर तेही त्याला नीट समजावून सांगा. अशा शाळेत कुठल्याही विचारावर ठाम असणारा मुलगा टिकतो, ज्याला घरून काहीच मिळालेलं नाही तो गोंधळतो.

शेवटचं. मुलाला विचारा. शरद ऋतूत शाळांचे खुले दिवस असतात, तिथं सगळे जण मिळून जा. आठवीतल्या मुलाला एक दिवस तिथल्या विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसू देतात, ती संधी चुकवू नका. तो घरी आल्यावर गाडीतच चौकशी सुरू करू नका, त्याला जेवू द्या, मग विचारा. 'नको' म्हणाला तर त्याचं कारण ऐका. मित्र सुटतील म्हणून नको असेल तर ते कारण लहान नाही. ओढून नेलेला मुलगा चार वर्षं बाकावर बसतो, शाळेत कधी जातच नाही.

आणि सगळं ऐकून तुम्हाला वाटलं, की आम्हाला यातलं फक्त गणित आणि कॉलेज हवंय, मिस्सा, सेवा, पत्र, प्रश्न यातलं काही नको, तर सरकारी शाळेत घाला. ती चांगली आहे, तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेत, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. पण जायचंच ठरवलंत, तर कानाडोळा करू नका. मुलाच्या धर्माच्या तासाचं पुस्तक एकदा तुम्हीही वाचा, मिस्सेला एकदा त्याच्या शेजारी बसा, सूप किचनमध्ये त्याच्याबरोबर वाढायला जा. अर्ज भरण्याआधी एवढी तयारी आहे का, ते दोघांनी बसून ठरवा.